जपानची साके आणि तिचे हिवाळी गडी



या वर्षीच्या मालेसाठी आम्ही जपानच्या साकेचा विषय कळवला, तेव्हा चिटणीसांना तो चुकून लिहिला गेला असे वाटले व त्यांनी पुन्हा विचारले. युनियनमधल्या मित्रांनी तर थट्टाच आरंभली. पगाराच्या दिवशी गुत्त्यासमोर उभे राहून गड्यांना घरी परतवण्यात ज्याची उमेद गेली, तो माणूस आता दारूचे कीर्तन करणार काय, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगतो की, आजचे व्याख्यान पिण्याविषयी नाही, करण्याविषयी आहे. कोणताही माल हाती आला की त्यावरचे नाव वाचून आमचे समाधान होत नाही. तो कोणी केला, किती खपून केला, हे विचारण्याची आम्हांला जुनी खोड आहे. साकेच्या बाबतीत ही चौकशी आम्ही पुस्तकांतूनच केली, कारण जपान आम्ही पाहिलेला नाही. परंतु त्या चौकशीत हाती लागला तो एका कामकरी वर्गाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

साके ही तांदळाची दारू हे सर्वांस ठाऊक आहे, पण ती भट्टीवर उकळून गाळलेली नसते. ती आंबवलेली असते. आता द्राक्षात साखर मुळातच असते, म्हणून द्राक्षाचा रस ठेवला की आपोआप आंबतो. तांदळात साखर नाही, पिष्ट आहे. त्याची साखर करण्याचे काम जपानी लोक एका बुरशीकडून करून घेतात. वाफवलेल्या भातावर मुद्दाम वाढवलेल्या या बुरशीला ते कोजी म्हणतात. कोजी पिष्टाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क करते. दोन्ही कामे एकाच पिंपात एकाच वेळी चालतात. एकाने दुसऱ्याच्या पुढे धावायचे नाही आणि मागेही पडायचे नाही. हा मेळ थर्मामीटर नसलेल्या काळात माणसांनी हाताने, नाकाने आणि जिभेने साधला. साकेच्या कारागिरीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

ही विद्या आरंभी राजवाड्यात आणि मठांत होती. इ. स. ९२७ मध्ये पुऱ्या झालेल्या एंगिशिकी या राजनियमांच्या संग्रहात दरबारी साके कशी घालावी याची कलमे आहेत. पुढे नारा प्रांतातील बौद्ध मठ, विशेषतः शोर्याकुजी, साकेसाठी नावाजले. कोजीसाठी आणि पिंपात घालण्यासाठी, असा दोन्हीकडचा तांदूळ सडून पांढरा करून वापरण्याची रीत तेथीलच. तयार साके नासू नये म्हणून ती बेताने तापवून ठेवत, याची नोंद सोळाव्या शतकातील नाराच्या एका मठाच्या रोजनिशीत मिळते. पाश्चरने हीच गोष्ट शास्त्राने सिद्ध केली ती तीनशे वर्षांनंतर.

मठांकडून हा धंदा व्यापाऱ्यांकडे आला, त्या संधिकाळाची एक आख्यायिका आहे. ओसाकाजवळच्या कोनोइके गावी शिनरोकू नावाचा साके करणारा होता. त्याने एका नोकराला रागे भरले. नोकराने सूड म्हणून चुलीतली राख उचलून पिंपात टाकली आणि पोबारा केला. सकाळी पाहावे तो गढूळ साके निवळशंख झालेली! त्यातून शिनरोकूचे घराणे श्रीमंत झाले. हे घडले असेल किंवा नसेलही, पण राखेने आंबटपणा मारला जातो व गाळ खाली बसतो, हे मात्र खरे. कोनोइके घराणे पुढे ओसाकाचे बडे सावकार झाले. त्या नोकराचे नाव आख्यायिकेनेसुद्धा राखले नाही.

आता या इतिहासाला जेथे वळण लागले त्या वर्षाकडे येऊ. ते वर्ष १६७३. तांदूळ हेच त्या काळी जपानचे धन होते. सरदारांची जहागीरदेखील तांदळाच्या मापात मोजत. पिंपात किती तांदूळ जावा यावर शोगुनचा डोळा असे. १६५७ मध्ये साके करण्याचे परवाने सुरू झाले आणि १६७३ मध्ये हिवाळ्याखेरीज साके घालण्यास बंदी झाली. थंडीत नको ते जंतू वाढत नाहीत, आंबवण सावकाश चालते, म्हणून हिवाळी साके तशीही सरस ठरत होती. पण या हुकमाचा आणखी एक परिणाम झाला. साकेच्या कोठाराला, ज्याला ते कुरा म्हणतात, बारमाही कामगारांची गरज उरली नाही. त्याला हवे होते हिवाळ्यापुरते गडी. आणि डोंगराळ, बर्फाळ प्रांतांतला शेतकरी नेमका हिवाळ्यातच रिकामा असे. शेत बर्फाखाली, कोठीत दाणे थोडे, खाणारी तोंडे पुष्कळ. या दोन गरजा एकमेकींना भेटल्या, आणि साकेचा कामगार जन्माला आला.

तांबा, एचिगो, नांबू आणि नोतो हे त्या कामगारांचे प्रसिद्ध मुलूख. तांबा म्हणजे ओसाकाच्या उत्तरेकडील डोंगर. एचिगो म्हणजे आजचा निइगाता, जेथे पुरुषभर बर्फ पडतो. नांबू म्हणजे ईशान्येकडील इवाते. आणि नोतो हे पश्चिम समुद्रात घुसलेले द्वीपकल्प. भाताची कापणी उरकली की या गावांतले पुरुष टोळीने निघत आणि वसंतात परतत. टोळीच्या प्रमुखाला तोजी म्हणतात. मालकाने ठरवायचे ते तोजीशी. माणसे जमवायची तोजीने, बहुधा आपल्याच गावची, आपल्याच नात्यागोत्याची. मुंबईच्या गिरण्यांत मुकादमाने आपल्या गावचे गडी भरावेत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की तोजी हा मुकादम तर होताच, शिवाय तो त्या कामातला सर्वांत जाणता कारागीरही होता. साके बिघडली तर जबाबदारी त्याची, म्हणून त्याच्या शब्दापुढे मालकही सहसा जात नसे. या ‘तोजी’ शब्दाची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की, तो मुळात घरच्या कर्त्या बाईचा वाचक होता, कारण प्राचीन काळी साके घालणे हे बायकांचे काम होते. पुढे त्याच बायकांना कुराच्या उंबऱ्याच्या आत येण्याची बंदी झाली. अलीकडच्या काळात स्त्रिया पुन्हा तोजी होऊ लागल्या आहेत, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

आता कुराच्या आतले काम पाहा. टोळीत प्रत्येकाचा हुद्दा ठरलेला. तोजीच्या हाताखाली एक नायक, मग कोजीवाला, विरजणवाला, वाफेच्या चुलीवरचा, दाबयंत्रावरचा, आणि अगदी तळाला सर्वांचा भात शिजवणारा पोर. हा पोरच वीसपंचवीस हिवाळे काढून पुढे तोजी होई. पहाटेच्या अंधारात उठून गोठवणाऱ्या पाण्यात तांदूळ धुवायचा, तो भिजवून वाफवायचा. त्यातला काही भाग कोजीच्या खोलीत जाई. ती खोली आपल्याकडच्या वैशाखासारखी तापलेली. तेथे गडी उघड्या अंगाने भात पसरून बुरशी पेरीत, आणि सुमारे दोन दिवस व दोन रात्री तासातासांनी उठून भाताला हात लावून पाहत. बाहेर बर्फ, आत घाम. हंगामभर कोणी नात्तो खायचा नाही असा नियम, कारण आंबवलेल्या सोयाबीनमधले ते जंतू कोजीचा नाश करतात.

त्याहून बिकट काम विरजणाचे. दुधाला विरजण लागते तसे साकेच्या मोठ्या पिंपालाही आधी एक जोमदार विरजण तयार करावे लागते. जुन्या किमोतो पद्धतीत ते करताना वाफवलेला भात, कोजी आणि पाणी उथळ टोपांत घेऊन रात्रीच्या थंडीत लांब दांड्यांनी पुन्हा पुन्हा घोटत. घड्याळ नव्हते, म्हणून वेळ गाण्याने मोजत. अमुक गाण्याची इतकी कडवी झाली की घोटणे पुरे. आपल्या आयाबाया जात्यावर ओव्या म्हणत, त्या केवळ मनोरंजनासाठी नव्हे. कुरातली गाणीही तशीच, श्रमाला ताल देणारी आणि झोपेला दूर ठेवणारी. विरजण पिकायला सुमारे महिना लागे. ते मोठ्या पिंपात घालून भात, कोजी व पाणी यांची भर तीन हप्त्यांनी टाकायची, म्हणजे यीस्टला एकदम ओझे होत नाही. पुढे तीनचार आठवडे आंबवण चाले. या पिंपात जड वायू साचतो. वाकताना तोल जाऊन आत पडलेला गडी क्वचितच जिवंत बाहेर येई.

१९०९ मध्ये सरकारी मद्यसंशोधन संस्थेने दाखवून दिले की, ते रात्रीचे घोटणे गाळले तरी विरजण उत्तम पिकते. पुढच्याच वर्षी तयार लॅक्टिक आम्ल घालून निम्म्या दिवसांत विरजण करण्याची रीतही निघाली. जुन्याचे भक्त याबद्दल हळहळतात. आम्ही हळहळत नाही. ज्याने थंडीत दांडा धरला नाही त्याने दांड्याचे पोवाडे गाऊ नयेत, असे आमचे मत आहे.

तांबाच्या गड्यांची पेठ होती नादा, म्हणजे आजच्या कोबे आणि निशिनोमिया शहरांचा समुद्रकाठ. अठराव्या शतकात या काठच्या पाच वसाहतींनी साकेच्या धंद्यात सर्वांना मागे टाकले. रोक्को डोंगराच्या ओढ्यांवर त्यांनी पाणचक्क्या बसवल्या आणि पायांनी सडता येणार नाही इतका पांढरा तांदूळ सडला. समुद्र दाराशी असल्याने साकेची पिंपे खास जहाजांतून थेट एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जात. योशिनोच्या देवदाराची ही पिंपे. एकेकात सुमारे ७२ लिटर साके. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्षाला दहा लाखांच्या घरात पिंपे एदोत उतरू लागली. नव्या साकेच्या जहाजांची शर्यत लागे आणि पहिल्या जहाजाचा मोठा मान होई. पिंपांभोवतीच्या गवती चटईवर मालकाच्या घराण्याची खूण रंगवलेली असे. आज ज्यांना ब्रँड म्हणतात त्यांचा उगम या खुणांत आहे.

या वैभवाच्या काळातच तांबाच्या सासायामा संस्थानात एक प्रकरण घडले. गडी नादाला गेले की शेतीकडे दुर्लक्ष होते, म्हणून संस्थानाने बाहेर जाऊन मजुरी करण्यावर दिवसांची मर्यादा घातली. मर्यादा पाळावी तर साकेचा हंगाम पुरा होत नाही, आणि हंगाम सोडावा तर पोट भरत नाही. तेव्हा इचिहारा गावच्या सेइबेई नावाच्या शेतकऱ्याने १८०० साली एदो गाठून थेट संस्थानिकांपुढे अर्ज केला. मधल्या अधिकाऱ्यांना ओलांडून थेट धन्याकडे जाणे हा त्या काळी मोठा अपराध. सेइबेईला तुरुंगात टाकले. परंतु अर्ज वाया गेला नाही. १८०२ मध्ये बंधने सैल झाली आणि तांबाच्या शेतकऱ्याला हंगामभर साकेच्या कामाला जाण्याची मोकळीक मिळाली. नादाच्या सुवर्णकाळाचे श्रेय इतिहासकार पाण्याला देतात, पाणचक्कीला देतात, जहाजांना देतात. आमच्यासारख्याला त्यात सेइबेईचा वाटाही दिसतो.

पाण्याचे श्रेय खोटे नव्हे. यामामुरा ताझाएमोन या व्यापाऱ्याचे निशिनोमिया आणि उओझाकी येथे दोन कुरा होते. निशिनोमियाची साके नेहमी सरस उतरे. त्याने तोजी बदलून पाहिले, तांदूळ बदलून पाहिला, फरक पडेना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेले, तेव्हा १८४० च्या सुमारास उलगडा झाला. ते पाणी कठीण, यीस्टला पोसणाऱ्या क्षारांनी भरलेले आणि लोह नावापुरतेच असलेले आहे. मियामिझु या नावाने ते पुढे विकले जाऊ लागले. याच यामामुराने आपल्या साकेला ‘मासामुने’ नाव दिले. एका बौद्ध ग्रंथावर त्याने जी अक्षरे पाहिली, त्यांचा दुसरा उच्चार ‘सेइशू’, म्हणजे निर्मळ साके, या शब्दासारखा होतो म्हणून. नाव इतके चालले की गावोगावच्या मालकांनी ते उचलले. १८८४ मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा आला, तेव्हा हे नाव सार्वजनिक झाले आहे म्हणून ते कोणा एकाला मिळेना. अखेर ‘साकुरा’ हा शब्द पुढे जोडून यामामुरांना आपले नाव नोंदवावे लागले. दुसऱ्या मालकांची ‘किकु-मासामुने’सारखी नावे याच रांगेतली.

मेइजी सरकारला साकेत दुसरीच गोष्ट दिसली, ती म्हणजे कर. सैन्य आणि आरमार उभारण्यासाठी दारूवरचा कर वाढत गेला. शतक पालटताना सरकारच्या करउत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा त्यातून येई. आणि त्या उत्पन्नाला भोक पडू नये म्हणून १८९९ मध्ये घरी साके घालण्यास पूर्ण बंदी झाली. म्हणजे परिस्थिती पाहा: जो शेतकरी हिवाळाभर मालकाच्या कोठारात हजारो लिटर साके घाली, तोच वसंतात गावी येऊन स्वतःच्या भाताचे एक मडके आंबवील तर गुन्हेगार ठरे. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही ही बंदी उचलून धरली.

परंतु याच काळात विद्या खुली करणारेही निघाले. हिरोशिमाचे पाणी मऊ, त्यात साके बिघडे. मिउरा सेन्झाबुरो या मालकाने वर्षानुवर्षे प्रयोग करून कोजी अधिक पिकवण्याची व थंडाव्यात संथ आंबवण्याची रीत बसवली, आणि ती १८९८ मध्ये पुस्तकरूपाने सर्वांसाठी छापली. सासायामाच्या शेतकऱ्यांप्रमाणेच हिरोशिमाच्या किनाऱ्यावर तोजींची एक नवी पिढी त्यातून घडली. १९०७ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या ‘र्युसेई’ने पहिला क्रमांक पटकावला आणि नादाचा ताठा उतरला. यीस्टचेही तसेच झाले. चांगल्या कुरांतले यीस्ट वेगळे काढून मद्यनिर्मिती संघाने ते देशभर वाटले. पहिला क्रमांक ‘साकुरा मासामुने’च्या कुरातला, सहावा आकिताच्या ‘आरामासा’चा, सातवा सुवाच्या ‘मासुमी’चा. एका घराची ठेव सर्वांची झाली, आणि तिला घराण्याच्या नावाऐवजी नुसता आकडा मिळाला.

युद्धाने हे सारे विसकटले. तांदूळ मिळेना, तेव्हा साकेत बाहेरचे मद्यार्क आणि साखर मिसळून ती तिप्पट करीत. युद्ध संपले तरी ही खोड गेली नाही. शिवाय तांदळाचा कोटा जुन्या हिशेबाने बांधलेला असल्यामुळे नादा व फुशिमीचे बडे कारखाने खेड्यांतल्या लहान कुरांची साके पिंपांनी विकत घेत आणि आपल्या नावाच्या बाटल्यांत भरून विकत. नांबूच्या गड्याने इवातेत घातलेली साके शहरात भलत्याच नावाने खपे. १९७० नंतर शहरी लोकांना या एकसाची, गोड साकेचा कंटाळा आला आणि ते ‘जिझाके’ शोधू लागले. ‘जि’ म्हणजे माती, भूमी. आपल्याकडे गावठी म्हटले की नाके मुरडतात; तेथे गावठी हेच बिरुद झाले. निइगाताची ‘कोशि नो कानबाई’ ही त्यातली अग्रणी. बर्फाळ एचिगोची हलकी, कोरडी साके देशभर नावाजली, आणि तिच्यामागोमाग एचिगोचा तोजी प्रथमच वर्तमानपत्रांत दिसू लागला.

तो दिसू लागला तो मावळताना. फुशिमीच्या ‘गेक्केइकान’ने १९६१ मध्येच थंडावा राखणाऱ्या यंत्रांच्या बळावर बारमाही कारखाना उभा केला होता. तिकडे गावांजवळ कारखाने निघाले, रस्ते झाले, शेतकऱ्याच्या मुलांना वर्षभराची नोकरी मिळू लागली. सहा महिने बायकामुलांना सोडून कोण जाणार? १९७३ नंतर साकेचा खपही घसरत गेला व आज तो तेव्हाच्या चौथाईपेक्षा कमी आहे. यामागुचीच्या ‘दास्साई’चे उदाहरण बोलके आहे. मालकाचा दुसरा धंदा बुडाला, १९९९ च्या सुमारास तोजी टोळीसह निघून गेला. मालकाने कायम पगारी तरुण घेतले, प्रत्येक पिंपाच्या तपमानाच्या नोंदी ठेवल्या आणि बारा महिने साके घातली. आज ‘दास्साई’ जगभर विकली जाते.

मग आमच्यासारख्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे? येथे आम्हांला प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. हंगामी गड्याची कला थोर होती यात शंका नाही. पण ती ज्या व्यवस्थेत वाढली ती व्यवस्था गरिबीची होती. बापाने सहा महिने परमुलखात राहावे आणि पोरांनी त्याला वसंतात ओळखावे, यात कसले आले वैभव! ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून कायम नोकरी देणारा कारखाना आम्ही शत्रू मानीत नाही. आमची मागणी निराळी आहे. कला टिकवायची असेल तर ती माणसाच्या नाइलाजावर टिकवू नका, चांगल्या पगारावर आणि मानावर टिकवा. तेथे अनेक ठिकाणी हे घडते आहे. कुराचेच बारमाही नोकर तोजी होत आहेत, आणि जुन्या मुलखांतले संघ परक्या गावच्या तरुणांनाही आपली परीक्षा देऊ देतात.

या विद्येत एकजुटीचे बीजही शिल्लक आहे. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला. ऐन हंगाम, पिंपे भरलेली, आणि लाकडी कुरा जमीनदोस्त. तेव्हा इतर ठिकाणच्या प्रतिस्पर्धी मालकांनी आणि गड्यांनी ढिगाऱ्यातून वाचलेले आंबवण आणि तांदूळ आपल्या कोठारात नेले व नोतोच्या माणसांबरोबर, नोतोच्याच नावाने साके घातली. पाणी परके, भिंती परक्या, तरी बाटलीवरचे नाव नोतोचे. या इतिहासात दुसऱ्याच्या घामावर आपले नाव लावल्याचे दाखले आम्ही पुष्कळ पाहिले. आपला घाम दुसऱ्याच्या नावावर आपखुशीने घातल्याचा हा दाखला आमच्या संग्रही कायम राहील.

त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने कोजीच्या साहाय्याने साके करण्याच्या जपानी विद्येला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. मान विद्येला मिळाला, कोणा एका घराण्याच्या खुणेला नव्हे, हे योग्यच झाले. तो मान वाटून घ्यायचा झाला, तर त्यात शोर्याकुजीच्या भिक्षूंचा वाटा आहे, मिउराचा आहे, थंड पाण्यात तांदूळ धुणाऱ्या पोराचा आहे. कोनोइकेच्या पिंपात राख टाकून पळालेल्या त्या रागावलेल्या नोकराचा आहे. आणि दिवसांची मर्यादा उठवावी म्हणून तुरुंगात गेलेल्या इचिहाराच्या सेइबेईचाही आहे.